नोकरी जाते तेव्हा मनाचे काय होते

काम नसणे आणि काम जाणे या मनाच्या दृष्टीने दोन वेगळ्या अवस्था आहेत. सिंधुदुर्गातल्या देवगडच्या बंदरात दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी यांत्रिक नौकांची मासेमारी थांबते. अलीकडच्या नियमांप्रमाणे ही बंदी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत असते. नौका वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला काढली जातात आणि खलाशी घरी बसतात. आंब्याचा हंगाम तोवर आटोपलेला असल्याने कलमांतली तोडणी आणि पेट्या भरण्याची कामेही नसतात. हातात पैसा कमी असतो, उधारी वाढते. तरी या दिवसांना गावात कोणी बेकारी म्हणत नाही. नारळी पौर्णिमा कधी आहे ते पंचांगात छापलेले असते आणि समुद्राला नारळ देऊन झाला की नौका पुन्हा पाण्यात जाणार, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते.

याच गावात मुंबईतले काम सुटलेला माणूस येऊन राहतो, तेव्हा त्याचे दिवस बाहेरून खलाशाच्या दिवसांसारखेच दिसतात. तोही पडवीत बसतो, बंदरावर फेरी मारतो, दुपारी आडवा होतो. त्याच्या रिकामपणाला मात्र शेवटची तारीख नसते आणि परत जायला ठरलेली जागाही नसते. बेकारीच्या मानसिक परिणामांवर गेल्या शंभर वर्षांत जो अभ्यास झाला, त्यातला बराचसा या फरकाकडेच येऊन पोहोचतो.

देवगड तालुक्यात नोकरी हा शब्द दीर्घकाळ मुंबईशी जोडलेला राहिला. पूर्वी देवगड आणि विजयदुर्गच्या बंदरांतून बोटीने, पुढे एसटीने इथले पुरुष मुंबईला गेले आणि गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत लागले. गावात बायका, म्हातारे आणि मुले राहिली. त्याची खूण जनगणनेत अजून दिसते. 2001 साली सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1079 स्त्रिया होत्या आणि 2011 साली 1036. घर चालत असे ते महिन्याच्या मनिऑर्डरीवर. भातशेतीने वर्षाचे तांदूळही पुरत नसत, तेव्हा कौले, लग्ने, दवाखाना, मुलांच्या वह्या हे सगळे त्या मनिऑर्डरीतूनच व्हायचे. चाकरमानी ही त्यामुळे गावातली एक पदवीच होती. नोकरी गेल्यावर काय जाते याचा विचार इथे या पदवीपासून सुरू करावा लागतो.

महाराष्ट्राच्या आठवणीत नोकरी जाण्याची सर्वांत मोठी सामूहिक घटना म्हणजे 1982 चा गिरणी संप. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला. मुंबईतल्या 50 हून अधिक कापड गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात ओढले गेले. त्यांपैकी फार मोठा हिस्सा कोकणातला होता. आरंभी कोणाची नोकरी जात आहे असे कोणालाच वाटले नव्हते. 1974 चा संप 42 दिवसांत मिटला होता, हाही फार तर दोन-तीन महिने चालेल असा हिशेब होता. मुंबईत बसून खोलीचा खर्च आणि खाणावळीचे देणे वाढवण्यापेक्षा गावी जाऊन राहावे, म्हणून हजारो कामगारांनी एसटी पकडली. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावे भरली, शिमग्याला गर्दी झाली. रजेवर आल्यासारखेच वातावरण होते.

ही सुरुवातीची सुटीची भावना नोकरी गमावणाऱ्यांच्या काही अभ्यासांतही आढळते. फिलिप आयझेनबर्ग आणि पॉल लाझार्सफेल्ड या संशोधकांनी 1938 मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. धक्का, मग आशेने केलेली धडपड, मग निराशा आणि शेवटी नशिबाला शरण जाणे, असा क्रम त्यांना दिसला. पुढच्या संशोधकांनी हा क्रम इतका रेखीव मानायला नकार दिला आणि हा नकार योग्यच होता. कोणी धडपडीतच वर्षे काढतो, कोणी पहिल्याच महिन्यात खचतो. पण एक गोष्ट टिकून राहिली आहे. आरंभीचे काही आठवडे बऱ्याच जणांना उसंत मिळाल्यासारखे वाटते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत घराबाहेरच्या कोणाला काही कळत नाही.

गिरणी कामगारांच्या बाबतीत आणखी एक गुंता होता. संप अधिकृतपणे मागे घेतल्याचे कधीच जाहीर झाले नाही. काही गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, काही जण कामावर परतले, अनेकांना घेतले गेले नाही. 1983 मध्ये 13 गिरण्या केंद्र सरकारने ताब्यात घेतल्या, बाकीच्या पुढच्या वीसेक वर्षांत एकेक करून बंद पडत गेल्या. त्यामुळे आपली नोकरी नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे असंख्य कामगारांना सांगता येत नसे. पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना अशा हानीला संदिग्ध हानी म्हटले. माणूस गेला असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही नाही, म्हणून शोकही पुरा होत नाही. गिरणी पुन्हा सुरू होईल, बोलावणे येईल, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळेल, घर मिळेल, या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरांत हेच घडले. अशी आशा औषधासारखी काम करते असे समजले जाते. प्रत्यक्षात ती दुसरा मार्ग धरण्याचा निर्णय वर्षानुवर्षे लांबवते.

नोकरीबरोबर पगाराखेरीज काय जाते, याचे पहिले काटेकोर निरीक्षण ऑस्ट्रियात झाले. व्हिएन्नाजवळचे मारिएन्थाल हे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. 1929 पासून ती गिरणी बंद होत गेली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या गटाने तिथे राहून नोंदी केल्या आणि 1933 मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांनी सर्वेक्षणाच्या प्रश्नांपेक्षा डोळ्यांवर अधिक भर दिला. गावातल्या वाचनालयाची वर्गणी माफ झाली होती आणि वेळ भरपूर होता, तरी पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. रस्त्याने चालणाऱ्यांचा वेग खिडकीआडून घड्याळ लावून मोजला गेला, तेव्हा पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत होते आणि वाटेत सारखे थांबत होते. दिवसभरात काय केले ते लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना सकाळचे उठणे, दुपारचे जेवण आणि रात्रीची झोप यांच्या मधले फारसे काही आठवेना. बायकांना तशी अडचण नव्हती. स्वयंपाक, धुणे आणि तुटपुंज्या पैशांत घर भागवणे त्यांच्यामागे होतेच.

याच याहोदाने पुढे पन्नास वर्षांचा अनुभव एकत्र करून एक सिद्धान्त मांडला. तिचे पुस्तक 1982 साली आले, म्हणजे मुंबईत गिरण्यांचे भोंगे थांबले त्याच वर्षी. तिच्या मते नोकरी माणसाला पगार देते हे उघड आहे, पण न सांगता आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आखणी येते, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध राहतो, एकट्याला न साधणाऱ्या एखाद्या मोठ्या कामात आपला हात आहे याची जाणीव होते, समाजात एक ओळख मिळते आणि शरीर-मनाला नियमित चालना राहते. माणसाला काम कितीही नकोसे वाटो, या पाच गोष्टी त्याला मिळतच असतात. म्हणूनच त्या गेल्याचेही त्याला चटकन कळत नाही. फक्त काहीतरी बिघडले आहे एवढेच जाणवते.

मुंबईच्या गिरणगावात दिवसाची ही आखणी कानाला ऐकू येत असे. भोंग्यावर उठणे, भोंग्यावर पाळी बदलणे, एका गावच्या पंधरा-वीस पुरुषांनी एका खोलीत पाळीपाळीने झोपणे, खाणावळीत ठरल्या वेळी जेवणे. रात्रपाळीचा माणूस खोलीत शिरला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून बाहेर पडे. अशा काटेकोर वेळापत्रकात वीस-पंचवीस वर्षे घालवलेला माणूस देवगडच्या एखाद्या वाडीत येतो, तेव्हा पहिली अडचण झोपेची होते. रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग येते, जेवणाच्या वेळा सरकतात. शेतीची कामे असतात, पण ती पावसावर चालतात आणि लावणी-कापणी सोडली तर घड्याळावर बांधलेली नसतात. आळस आला आहे असा घरातल्यांचा समज होतो.

ओळखीचे नुकसान याहून खोल असते आणि कोकणात त्याला एक खास धार आहे. चाकरमानी गावात उतरला की भेटणारा प्रत्येक जण मालवणीत तेच दोन प्रश्न करतो, ‘कधी इलंस? कधी जातलंस?’ विचारणाऱ्याच्या मनात जिव्हाळ्यापलीकडे काही नसते. जायचेच नाही अशा माणसाला मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही. मग तो बाजाराच्या दिवशी जामसंड्याला जायचे टाळतो, देवळात आरतीनंतर पोहोचतो, लग्नाला बायकोला पाठवतो. गणपतीत वर्गणी किती सांगायची, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत कोणत्या तोंडाने बसायचे, असे प्रश्न त्याला पगाराच्या प्रश्नाइतकेच बोचतात. लोकसंपर्क असा आपणहून तोडला जातो आणि तो तुटल्यावर नवे काम कळण्याचा मार्गही बंद होतो. दुसऱ्याच्या कलमांत रोजंदारीवर जाणे त्याला जमत नाही ते याचमुळे. अंगमेहनतीची त्याला लाज नसते, गिरणीत त्याने याहून अवघड काम केलेले असते. परक्या शहरात जे काम त्याने डोळे मिटून केले असते, ते आपल्याच गावात, काल ज्यांना मुंबईहून खाऊ आणला त्यांच्या देखत करणे त्याला अपमानाचे वाटते.

घरातही जागा बदलतात. नवरा मुंबईत असताना वर्षातले अकरा महिने घर बाईने चालवलेले असते. गडी सांगणे, बी-बियाणे, शेजारच्यांशी बांधावरचे वाद, मुलांची शाळा हे सारे तिच्या हातात असते. आता पुरुष कायमचा घरी येतो आणि त्याच्याकडे पैसाही नसतो, कामही नसते. तो मग तिच्या कारभारात लक्ष घालू लागतो. जे भांडण पैशावरून आहे असे दोघांनाही वाटते, ते पुष्कळदा अधिकाराचे असते. ज्या कामगारांनी मुंबई सोडली नाही त्यांच्या घरांत बायका धुणीभांडी, जेवणाचे डबे, घरगुती शिवणकाम करून संसार ओढू लागल्या आणि कर्ता कोण हा प्रश्न तिथे निराळ्या रीतीने उभा राहिला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातले असे घर रंगभूमीवर आणले. मुलांवर काय होते, याचा मोठा अभ्यास ग्लेन एल्डर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1974 मध्ये प्रसिद्ध केला. 1929 नंतरच्या महामंदीत वाढलेल्या ओकलंड शहरातल्या मुलांचा त्याने अनेक वर्षे मागोवा घेतला होता. मिळकत घटलेल्या घरांत आईचा शब्द वजनदार झाला, मुलगे लवकर कामाला लागले, मुली घरकामात अडकल्या. वडिलांच्या चिडचिडेपणाचा मुलांना पैशाच्या टंचाईपेक्षा अधिक त्रास झाल्याचे अनेक घरांत दिसले.

एवढ्या सगळ्याचा परिणाम आजार म्हणण्याइतका मोठा असतो का? कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर या जर्मन संशोधकांनी 2009 मध्ये तीनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. नोकरीत असलेल्यांपैकी सुमारे 16 टक्के लोकांत मानसिक त्रासाची लक्षणे आढळत होती, बेकारांत हेच प्रमाण सुमारे 34 टक्के होते. त्रासामुळे नोकरी गेली की नोकरी गेल्यामुळे त्रास झाला, हा प्रश्न इथे साहजिक आहे. त्याच माणसांना नोकरी जाण्याआधी, नंतर आणि पुन्हा काम मिळाल्यावर तपासणाऱ्या अभ्यासांतून दिसते की नोकरी गेल्यावर प्रकृती बिघडते आणि काम मिळाल्यावर सुधारते. हा फटका पुरुषांना, अंगमेहनतीच्या कामगारांना आणि ज्या देशांत बेकारांना आधार कमी असतो तिथल्या लोकांना जास्त बसतो. या तिन्ही गोष्टी गिरणी कामगाराला लागू होतात.

लक्षणे मात्र मनाची म्हणून समोर येत नाहीत. छातीत धडधड, पित्त, पाठदुखी, भूक मरणे, अंगात त्राण नसणे या तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो आणि शक्तीच्या इंजेक्शनवर परत येतो. उदासपणाची तक्रार पुरुष क्वचितच करतात. त्यांची उदासी रागातून किंवा दारूतून बाहेर येते, म्हणून ती व्यसन म्हणून मोजली जाते. शरीरावरचा परिणाम खराखुरा असतो. पेनसिल्व्हेनियातल्या दीर्घकाळ एकाच नोकरीत असलेल्या पुरुषांचा अभ्यास डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी 2009 मध्ये मांडला. मोठ्या कामगारकपातीत नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण 50 ते 100 टक्क्यांनी वाढले होते. चाळिशीत नोकरी गेलेल्याचे आयुष्य त्यांच्या हिशेबाने एक ते दीड वर्षाने घटते. जर्मनीतल्या हजारो लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात, पुन्हा नोकरी मिळाल्यानंतरही माणसाचे समाधान पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे येत नाही असे आढळले.

माणूस नोकरी जाण्याचे कारण काय लावतो, यावर पुष्कळ काही ठरते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी 1967 पासून असहायतेवर जे काम केले, त्याच्या 1978 मधल्या सुधारित मांडणीप्रमाणे ‘दोष माझा, तो कायमचा आणि सगळ्याच बाबतीतला’ असे मानणारा माणूस सर्वांत लवकर नैराश्यात जातो. कोकणात याला एक वेगळी वाट आहे. संकट आले की देवाला कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते, कुठे राखण चुकली का, मूळपुरुषाचे काही राहिले का याचा शोध होतो. या प्रकाराला हसणे सोपे आहे. मनाच्या हिशेबात त्याने एक काम होते: दोष माणसावरून उतरतो आणि सारी वाडी त्याच्या अडचणीत सहभागी होते. पण देवस्कीच्या नावाखाली भावकीतल्याच कोणावर संशय जातो किंवा फंडाचे पैसे विधींत उडतात, तेव्हा झालेल्या उपकाराची परतफेड फार महाग पडते.

सर्वांची नोकरी एकदम जाण्यात एक विचित्र दिलासाही असतो. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी ब्रिटनमधली माहिती तपासून 2003 मध्ये दाखवले की भोवती बेकारी जास्त असेल तिथे बेकार माणसाची मनःस्थिती तुलनेने कमी बिघडते. 1982 मध्ये वाडीतले दहा जण एकत्र घरी होते, तेव्हा कोणाला मान खाली घालावी लागली नाही. दहांतले सात पुन्हा कामाला लागले आणि तीन उरले, तेव्हा त्या तिघांची परीक्षा सुरू झाली. मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीतही असेच झाले. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या एप्रिलमध्ये देशात 12 कोटींहून जास्त लोकांचे काम गेले. हॉटेलांत, दुकानांत, खासगी कार्यालयांत काम करणारे सिंधुदुर्गातले चाकरमानी ई-पास काढून गावी आले आणि शाळांच्या वर्गांत विलगीकरणात राहिले. नोकरी जाण्यात त्या वेळी अपमान नव्हता, कारण सर्वांचीच गेली होती. अपमान निराळ्याच बाजूने आला. जो चाकरमानी येताना गाव वाट पाहत असे, त्याच्या येण्याची गावाला भीती वाटू लागली. शहराने काम काढून घेतले आणि गाव दारात उभे करीना, हा दुहेरी नकार त्या वर्षी अनेकांनी अनुभवला.

उपायांपैकी काहींची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत 1994 मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी कामावरून काढलेल्या तंत्रज्ञांना पाच दिवस रोज वीस मिनिटे या घटनेबद्दल मनातले सगळे लिहायला सांगितले. त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या, मुलाखती मात्र त्यांनी जास्त दिलेल्या नव्हत्या. मनातला राग कागदावर उतरल्याने तो मुलाखतीत डोकावत नसावा. मिशिगन विद्यापीठाने बेकारांसाठी पाच अर्ध्या दिवसांची गटशिबिरे घेतली. काम कसे शोधावे याबरोबर नकार कसा पचवावा याची तालीम त्यांत होती आणि नैराश्यावर तिचा चांगला परिणाम दोन वर्षांनंतरही दिसला. मिळेल ते काम पकडा, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मात्र सरसकट खरा नाही. ऑस्ट्रेलियातल्या 2011 च्या एका अभ्यासात, असुरक्षित आणि जाचक कामावर लागलेल्यांचे मानसिक आरोग्य बेकारांपेक्षा चांगले नव्हते. याउलट स्वतःची कलमे करणे, आंब्याच्या पेट्या ओळखीतल्या गिऱ्हाइकांना थेट पाठवणे, कुणकेश्वरच्या वाटेवर खोल्या भाड्याने देणे अशा कामांत पैसा आरंभी कमी असला तरी दिवसाची आखणी, लोकसंपर्क आणि ओळख ही तिन्ही परत मिळतात.

घरच्यांनी पहिल्या महिन्यात तीन गोष्टी पाहाव्यात. माणूस ठरल्या वेळी उठतो का, रोज घराबाहेरच्या कोणाशी तरी बोलतो का आणि कागदपत्रे पुरी करतो का. ईएसआय योजनेत विमा असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यास अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत अटींनुसार 90 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 50 टक्के भत्ता मिळू शकतो. माहीत नसल्याने अनेक जण अर्जच करत नाहीत. झोप उडाली, दारू वाढली, किंवा ‘मी नसलो तर बरे’ अशी भाषा तोंडात आली, तर देवळापुढे कौल लावण्याआधी डॉक्टर गाठावा आणि त्या माणसाला एकटे ठेवू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असून त्यावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.